उखडलेला पापुद्रा आणि त्याखालचें पाणी

जुन्या पेट्या व कपाटें यांच्या निगेविषयीं आम्हीं मागें या सदरांत लिहिलें होतें. तें वाचून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अमेरिकेंतून पत्र पाठविलें आहे. चेसापीक उपसागराच्या कांठीं राहणाऱ्या या गृहस्थानें १९८० च्या सुमारास बांधलेली, तीस फूट लांबीची एक शिडाची होडी विकत घेतली. तिच्या आंतल्या खोलीची जमीन उखडूं लागली असून वरचा सागवानी पापुद्रा जागोजाग फुगला आहे. तो विचारतो, "गुरुजी, सुटींत मुलांना घेऊन जाण्याचा बेत आहे. पापुद्रा चिकटवून वर व्हार्निशचे दोन हात दिले तर भागेल काय?"

आमचें उत्तर आहे, "भागणार नाहीं." कां भागणार नाहीं, हें सांगतांना ज्या गोष्टी निघतात त्या ज्यांनीं होडी जन्मांत पाहिली नाहीं त्यांच्याही उपयोगाच्या आहेत, कारण प्लायवूडचा स्वभाव समुद्रावर आणि आपल्या न्हाणीघरांत एकच असतो.

प्रथम ही जमीन असते कशी तें पाहूं. पूर्वीं नौकेचें सर्व काम अखंड लाकडाचें असे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी लढाऊ नौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली, आणि इंग्लंडांत हार्टलपूल येथें ती आजही तरंगत आहे. अखंड सागाची फळी झिजली तर तिच्यावर पुनःपुन्हां रंधा फिरवितां येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत होड्यांचीं अंगें कांचतंतु व कृत्रिम राळ यांचीं होऊं लागलीं, आणि आंतील जमीन प्लायवूडची झाली. त्या प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा आणि त्यांत हॉली नांवाच्या झाडाच्या पांढुरक्या लाकडाच्या बारीक पट्ट्या, अशी शोभा असते. हा पापुद्रा पुष्कळदां एका मिलिमीटरहूनही पातळ असतो. वरून शालजोडी आणि आंत मांजरपाट, असा हा प्रकार आहे. शालजोडी वाईट नव्हे. परंतु तिला मांजरपाटाप्रमाणें आपटून धुवूं नये, एवढें ध्यानांत ठेवावें.

आतां पापुद्रा सुटतो कां? लाकूड ओलें झालें म्हणजे तें रेषेच्या आडव्या दिशेनें फुगतें, लांबींत जवळजवळ वाढत नाहीं. प्लायवूडमध्यें एकावर एक थर आडवे-उभे बसविलेले असल्यामुळें प्रत्येक थर दुसऱ्याला आवरून धरतो. जोंवर ओल नाहीं तोंवर हें सौख्य टिकतें. ओल शिरली कीं एक थर पूर्वेकडे ओढतो, दुसरा उत्तरेकडे, आणि मधला सरस हार खातो. ही ओल बहुधा वरून येत नाहीं. वर रोगण असतें. ती येते फळीच्या कापलेल्या कडांतून, स्क्रूच्या भोंकांतून आणि खालच्या उघड्या अंगांतून. कारण जमिनीखालीं होडीच्या तळाची पोकळी, जिला नाविक बिल्ज म्हणतात, ती सदैव दमट असते. अशा फळीला केवळ वरून व्हार्निश देणें म्हणजे भिजलेलें धान्य कणगींत भरून वर झांकण घालण्यासारखें आहे.

आयुर्वेदांत 'निदानपरिवर्जन' म्हणून एक मोठा शब्द आहे. रोगाचें कारण टाळणें हीच चिकित्सेची पहिली पायरी, असा त्याचा आशय. तेव्हां प्रथम पाणी कोठून येतें तें शोधावें. ठिबकणारें पाणी स्वच्छ बशींत धरून उन्हांत वाळवावें. क्षारांचा ठळक थर राहिला तर तें बाहेरचें, कांहींच राहिलें नाहीं तर पावसाचें. चेसापीकचें पाणी नद्यांच्या मिसळीनें मचूळ असल्यामुळें केवळ जिभेवर विसंबूं नये. बाहेरचें पाणी असेल तर पंख्याचा दांडा जेथून तळाबाहेर जातो ती जागा आणि नळांचे सांधे पाहावे. पावसाचें असेल तर खिडक्या, डोलकाठीचें बूड आणि विशेषेंकरून डोलकाठीच्या तारांच्या पट्ट्या तपासाव्या.

या पट्ट्यांविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनीं तोलून धरणाऱ्या तारा पोलादी पट्ट्यांना बांधलेल्या असतात, व त्या पट्ट्या बहुतेक होड्यांत वरचा तक्ता भेदून खालीं आंतल्या भिंतीला खिळलेल्या असतात. भेदलेल्या जागेचें लुकण वाळून भेगाळलें कीं तेथून पाणी भिंतीवरून खालीं उतरतें आणि जमिनीच्या कडेला मुरतें. न गंजणारें म्हणून प्रसिद्ध असलेलें पोलादही अशा ओल्या, हवा न लागणाऱ्या फटींत आंतल्या आंत खाल्लें जातें. वरून तें चकचकीत दिसतें. पट्टी तुटली तर तार सुटते, आणि भर वाऱ्यांत तार सुटली तर डोलकाठी कोसळते. म्हणून भिंतीलगतचा पापुद्रा सुटलेला दिसला तर तो कदाचित् या संकटाचा निरोप घेऊन आलेला असतो. निरोप ऐकण्याआधीं निरोप्याचें तोंड चिकटवून टाकणें शहाणपणाचें नव्हे. आमच्या विद्यार्थ्याला आम्हीं बजावलें आहे कीं, पट्ट्या काढून जाणत्या माणसाकडून तपासून घेतल्यावांचून मुलांना त्या होडींत नेऊं नये.

पाण्याची वाट बंद झाल्यावर फळ्या उचलाव्या. प्रत्येकीच्या पाठीवर अनुक्रमांक व होडीच्या पुढल्या टोंकाकडे बाण काढावा. खारें पाणी मुरलें असेल तर गोड्या पाण्यानें खळखळून धुवावें, कारण मीठ हवेंतील ओल ओढीत राहतें. नंतर फळ्या सावलींत, वाऱ्यावर, उभ्या करून वाळवाव्या. यास आठवडे लागतात. घाई करूं नये. वाळल्यावर बोटाच्या पेरानें ठोकून पाहावें. भरीव नाद आला तर ठीक. पोकळ आला तर पापुद्रा सुटला आहे. आणि आरीचें टोंक लोण्यांत शिरावें तसें आंत शिरलें तर गाभा कुजला आहे.

गाभा कुजला असेल तर मोह सोडावा. जुनी फळी नमुन्यादाखल ठेवून तिच्या आकाराची नवी फळी मरीन प्लायवूडची कापावी. आपल्याकडे असें प्लायवूड 'आय. एस. ७१०' या मानकाचें मिळतें, इंग्लंडांत 'बी. एस. १०८८' या मानकाचें. गाभा शाबूत असून पापुद्रा नुसता सुटला असेल तर तो वाचवितां येतो. फुगवट्यावर रेषेच्या दिशेनें धारदार सुरीनें चीर द्यावी, पातळ पातें किंवा पिचकारी यांच्या साह्यानें आंत एपॉक्सी सोडावा, वर मेणकागद ठेवून सपाट फळी व वजन ठेवावें आणि अहोरात्र हात लावूं नये. साग तेलकट लाकूड आहे. म्हणून चिकटविण्याच्या अगदीं आधीं तें ॲसिटोननें पुसावें. तुकडाच गळाला असेल तर नव्या पापुद्र्याचा तुकडा होडीच्या आकाराचा, दोन्ही टोंकांस निमुळता, असा कापून बसवावा. चौकोनी ठिगळाची आडवी रेघ डोळ्यांत भरते.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपाचे पाठ दिले आहेत. कवठ, सांवरीचीं फुलें इत्यादि द्रव्यांचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवून त्यांत राळ, गुग्गुळ वगैरे घालावयाचें, असा त्यांतील एक. द्रव्यें बदललीं, पण प्रमाण पाळण्याचा नियम बदलला नाहीं. एपॉक्सीचीं दोन द्रव्यें कारखानदारानें सांगितलेल्या प्रमाणांतच मिसळावीं. 'अधिक लवकर घट्ट व्हावा' म्हणून एक वाढविलें तर तो कच्चाच राहतो. हातमोजे घालावे, ॲसिटोनची वाफ भडकणारी आहे, यास्तव हें काम बंद खोलींत किंवा चुलीजवळ करूं नये.

जुनें रोगण काढतांना उष्ण हवेचें यंत्र वापरूं नये. त्यानें खालचा सरसही मऊ होतो. विजेचें घासयंत्र तर दूरच ठेवावें. बारीक काचकागद हातानें, रेषेच्या दिशेनें, हलकेच फिरवावा. एकदां पापुद्रा घासून आरपार गेला म्हणजे तो परत येत नाहीं.

नंतर कडा, भोंकें आणि पाठ यांवर पातळ एपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावे. शोभेची बाजू शेवटीं. रोगण अति चकचकीत नसावें. होडी कलली असतां ओल्या पायाखालीं तें निसरडें होतें. दर हातासरशीं कडा जाड होत जातात, म्हणून फळ्यांमध्यें नाण्याच्या जाडीइतकी फट राहील असें मधून मधून बसवून पाहावें. हें नुसतें सुबकपणासाठीं नाहीं. होडींत पाणी शिरलें तर तें कोठून येतें हें पाहण्यास या फळ्या तत्क्षणीं उचलल्या पाहिजेत. गच्च बसलेली, देखणी, न उघडणारी फळी त्या वेळीं वैरी ठरते. मात्र होडी जोरानें कलली तरी त्या उसळूं नयेत, यासाठीं हातानें फिरणारी एखादी खिटी असावी.

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं होडी नाहीं, पण न्हाणीघराचें दार आहे. त्याची खालची कड फुगली असेल तर नवा रंग देण्यापूर्वीं दार एकदां बिजागऱ्यांतून उतरवावें आणि तळ पाहावा. तेथें रोगणाचा हात बहुधा कोणीं लावलेलाच नसतो.