राजा वेल्श, कायदा मात्र इंग्रजी!

इंग्लंडच्या इतिहासात ट्यूडर घराण्याचा काळ (१४८५ ते १६०३) वैभवाचा म्हणून गौरविला जातो. आठवा हेन्री आणि पहिली एलिझाबेथ ही तर इंग्रजांच्या राष्ट्राभिमानाची दैवतेच! परंतु या घराण्याचे मूळ इंग्रज नव्हे, वेल्श आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, ते ‘वेल्सच्या पुत्राने सिंहासन जिंकले म्हणजे वेल्स जिंकला’ असा सोयीचा निष्कर्ष काढून मोकळे होतात. तो निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

ट्यूडरांचे मूळ गाव वेल्सच्या वायव्येकडील अँगल्सी बेटावरचे पेनमिनिद. तेराव्या शतकात त्यांचा पूर्वज एडनिवेद व्हखन हा ग्विनेडचा राजा थोरला लिवेलिन याचा प्रमुख कारभारी होता. पुढे ओवेन ग्लिनडूरने इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा याच घराण्यातील दोघा भावांनी १४०१ साली कॉनवीचा बलाढ्य किल्ला युक्तीने हस्तगत केला. बंड मोडले. वेल्श माणसाच्या अधिकारपदांवर आणि जमीनखरेदीवर बंधने घालणारे कायदे त्याच सुमारास झाले. अशा काळात या कुळातील ओवेनने पाचव्या हेन्रीची विधवा राणी कॅथरिन हिच्याशी विवाह केला. इंग्रजी वहिवाटीत त्याच्या आजोबांचे नाव ‘टुडुर’ हेच आडनाव होऊन बसले.

या ओवेनचा नातू हेन्री १४५७ मध्ये वेल्समधील पेम्ब्रोकच्या किल्ल्यात जन्मला. ७ ऑगस्ट १४८५ रोजी तो वेल्सच्याच किनाऱ्यावर उतरला आणि लाल ड्रॅगनचे निशाण मिरवीत निघाला. २२ ऑगस्टला बॉसवर्थच्या रणात तिसरा रिचर्ड पडला. सातव्या हेन्रीने आपल्या ज्येष्ठ पुत्राचे नाव ठेवले आर्थर! प्राचीन ब्रिटन वीराचे हे नाव ऐकून वेल्श मनाला भरते आले असेल, तर नवल नाही.

पण पुढे काय घडले? अवघ्या ५१ वर्षांनी, १५३६ साली, याच हेन्रीच्या पुत्राच्या राज्यात कायदा झाला. वेल्समधील न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतच चालेल आणि इंग्रजी न वापरणाऱ्यास कोणतेही पद मिळणार नाही! जे शत्रूच्या तलवारीला साधले नाही, ते ‘आपल्या’ राजाच्या शिक्कामोर्तबाने साधले.

यावर कोणी म्हणेल, त्याच कायद्याने वेल्श प्रजेला इंग्रजांच्या बरोबरीचे हक्क आणि संसदेत प्रतिनिधित्व मिळाले. मिळाले, हे खरेच! पण त्या हक्कांची किंमत स्वभाषा ही होती. ती किंमत वरच्या वर्गाने खुशीने मोजली. जमीनदार हळूहळू इंग्रज झाले आणि भाषा शेतकऱ्याच्या झोपडीत उरली.

दुसरा आक्षेप असा की, एलिझाबेथच्याच काळात बायबल वेल्शमध्ये आले. पण १५६३ च्या त्या कायद्यामागे प्रॉटेस्टंट पंथाच्या प्रसाराची निकड होती. शेजारी इंग्रजी प्रतही ठेवावी, म्हणजे लोक इंग्रजी शिकतील, अशी तरतूद त्यातच होती! १५८८ साली संपूर्ण वेल्श बायबल सिद्ध करून भाषेला जीवदान दिले ते विल्यम मॉर्गन या विद्वान धर्मगुरूच्या तपश्चर्येने.

१५३६ च्या कायद्याचे उरलेसुरले अवशेष पुसायला १९९३ साल उजाडावे लागले. वेल्शला वेल्समध्ये अधिकृत दर्जा २०११ च्या कायद्याने मिळाला. हे कोणा राजाने दिलेले दान नव्हे. १९६२ नंतर उभ्या राहिलेल्या भाषा-चळवळीतील तरुणांनी तुरुंगवास पत्करून ते मिळविले. तरीही २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे जेमतेम १७.८ टक्के भरले. झालेली हानी इतकी खोल आहे!

सिंहासनावर कोणाचा वंशज बसला, या प्रश्नाने समाजाचे भवितव्य ठरत नाही. त्या सिंहासनावरून कोणाच्या भाषेत न्याय दिला जातो, याने ते ठरते. रक्ताचा अभिमान बाळगून स्वत्वाची राखण दरबारावर सोपविणाऱ्या समाजाला ट्यूडरांचे हे उदाहरण पुरेसे आहे. स्वत्व राखावे लागते ते समाजानेच!