करंडक चार झाले, दार किती उघडले?

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात हायस्कूलच्या मुलांची बास्केटबॉल स्पर्धा म्हणजे नुसता खेळ नव्हे, ती त्या राज्याची जत्राच आहे. १९११ साली सुरू झालेली ही स्पर्धा १९९७ पर्यंत एकच होती. दीडशे मुलांची खेड्यातली शाळा आणि हजारो मुलांची शहरी शाळा एकाच यादीत असत, एकाच करंडकासाठी लढत. १९९६ साली राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेच्या संचालक मंडळाने १२ विरुद्ध ५ मतांनी ठरवले की, यापुढे शाळांचे पटसंख्येनुसार चार वर्ग पाडायचे आणि चार वेगळे करंडक द्यायचे. विरोध झाला म्हणून मुख्याध्यापकांचे मतदान घेतले गेले. तेथेही २२० विरुद्ध १५७ मतांनी हाच निर्णय कायम राहिला. १९९८ पासून तेथे चार विजेते होतात आणि तेव्हापासून सुरू झालेले भांडण आजही मिटलेले नाही.

सातासमुद्रापारच्या पोरांच्या चेंडूशी आमचा काय संबंध, असे काही वाचक विचारतील. संबंध आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिले, ते आपला आणि त्यांचा प्रश्न एकाच जातकुळीचा आहे हे ओळखून. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच तिकडच्या ब्लॅक पँथरकडून घेतले. त्यामुळे तिकडे 'खुली स्पर्धा', 'समान संधी', 'गुणवत्ता' असे शब्द उच्चारले जातात तेव्हा आम्ही कान टवकारतो. हे शब्द आम्हालाही रोज ऐकवले जातात.

आधी दोन्ही बाजू नीट मांडल्या पाहिजेत. जुन्या पद्धतीचे समर्थक बोट दाखवतात ते १९५४ सालाकडे. मायलन नावाच्या जेमतेम हजार-अकराशे वस्तीच्या गावातील, १६१ पटसंख्येच्या शाळेने त्या वर्षी मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला अंतिम सामन्यात ३२ विरुद्ध ३० असे हरवले. बॉबी प्लम्प या मुलाने शेवटच्या क्षणी टाकलेला चेंडू जाळीत गेला आणि ती घटना राज्याची दंतकथा झाली. तिच्यावरून 'हूजियर्स' हा चित्रपट १९८६ साली निघाला. लहानातला लहान मोठ्यातल्या मोठ्याला हरवू शकतो, हे स्वप्न चार वर्ग पाडून मारले, असा या मंडळींचा आरोप आहे. खुद्द बॉबी प्लम्प वर्गीकरणाच्या विरोधात उभे राहिले. लहान गावाचा नायकच म्हणतो की, लहान गावांसाठी वेगळा करंडक नको. ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

दुसरी बाजू म्हणते, स्वप्न ठीक आहे, पण हिशेबही करा. १९५४ नंतर एकपद्धतीची स्पर्धा आणखी ४३ वर्षे चालली. या ४३ वर्षांत मायलनएवढी लहान शाळा पुन्हा एकदाही विजेती झाली नाही. १९५९ च्या कायद्यानंतर लहान शाळा एकत्र करून मोठ्या शाळा बांधल्या गेल्या. पूर्वी सातशेच्या वर असलेली शाळांची संख्या चारशेच्या आत आली आणि मोठ्या शाळा आणखी मोठ्या झाल्या. तीन हजार मुलांतून बारा खेळाडू निवडायचे आणि दीडशेतून बारा निवडायचे, यात कसली आली बरोबरी? एका मायलनच्या नावावर शेकडो शाळांना दरवर्षी पहिल्या-दुसऱ्या फेरीत मार खायला लावायचा आणि वर त्याला समान संधी म्हणायचे, हे ढोंग आहे. हा युक्तिवादही खोटा नाही. शंभरातला एक वर आला की त्याला मखरात बसवायचे आणि उरलेल्या नव्व्याण्णवांना 'तुम्ही का नाही आलात?' असे विचारायचे, ही व्यवस्थेची जुनी चाल आपल्याला चांगलीच ठाऊक आहे.

परंतु या दोन्ही बाजूंच्या भांडणात एक तिसरी गोष्ट झाकली जाते. आमच्या दृष्टीने तीच मुख्य आहे. जुनी स्पर्धा 'सर्वांची' होती, असे दोन्हीकडचे लोक गृहीत धरून बोलतात. ती सर्वांची कधी होती?

इंडियानापोलिस शहरात १९२७ साली क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल उघडले. १९२० च्या दशकात त्या राज्यात कू क्लक्स क्लॅनचा इतका जोर होता की, क्लॅनच्या पाठिंब्याने राज्यपाल निवडून येत. अशा काळात शहरातील सर्व कृष्णवर्णीय हायस्कूल विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या शाळांतून काढून एका इमारतीत कोंडण्यासाठी ही शाळा बांधली गेली. शाळेला थॉमस जेफरसनचे नाव द्यायचे घाटत होते. गुलाम बाळगणाऱ्याचे नाव आमच्या शाळेला नको, अशी भूमिका कृष्णवर्णीय समाजाने घेतली आणि १७७० साली बोस्टनमध्ये इंग्रजांच्या गोळीला बळी पडलेल्या क्रिस्पस ॲटक्सचे नाव लावून घेतले. नामांतराचा लढा काय असतो हे मराठवाड्याच्या वाचकाला सांगायला नको.

या शाळेला राज्य स्पर्धेत प्रवेश नव्हता. एखाद्या मिश्र शाळेतला काळा मुलगा त्या शाळेकडून खेळू शके, पण काळ्यांची शाळा म्हणून शाळा नाही. कॅथलिक शाळांनाही दार बंद होते. कारण काय सांगितले जाई? क्रीडा संघटनेचे म्हणणे असे की, सदस्यत्व फक्त सर्वांना खुल्या असलेल्या सार्वजनिक शाळांना मिळते आणि ॲटक्समध्ये तर गोऱ्या मुलांना प्रवेश नाही! वकिली करताना आम्ही अनेक कोडगे युक्तिवाद ऐकले, पण याला तोड नाही. आधी तुम्हीच भिंत बांधायची, माणसांना आत ढकलायचे, आणि मग म्हणायचे की, तुमच्याभोवती भिंत आहे म्हणून तुम्हाला बाहेर येता येणार नाही. गावाबाहेर वस्ती आम्ही मागितली नव्हती. तरी 'तुम्ही वेगळे राहता' हे आम्हालाच ऐकवले गेले.

ही भिंत आपोआप पडली नाही. राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य रॉबर्ट ली ब्रोकनबर हे वकील होते. १९४१ साली त्यांनी या भेदभावाविरुद्ध विधेयक मांडले. विधेयक पार झाले नाही, पण कायद्याचा बडगा दिसताच संघटना नरमली आणि १९४२ पासून दार उघडले. म्हणजे ज्या स्पर्धेची थोरवी १९११ पासून गायली जाते, तिची पहिली एकतीस वर्षे ती खुली नव्हतीच. दार उघडले ते कोणाच्या मोठ्या मनामुळे नव्हे, तर सभागृहात आपला माणूस बसला होता म्हणून.

पुढे काय घडले? १९५४ च्या ज्या वर्षाची आरती ओवाळली जाते, त्याच वर्षी मायलनने अंतिम फेरीच्या वाटेवर ॲटक्सलाही हरवले होते. त्या पराभूत संघात ऑस्कर रॉबर्टसन नावाचा कोवळा मुलगा होता. १९५५ साली त्याच रॉबर्टसनच्या जोरावर, प्रशिक्षक रे क्रो यांच्या हाताखाली ॲटक्सने राज्याचा करंडक जिंकला. खुल्या राज्य स्पर्धेत सर्वस्वी कृष्णवर्णीयांच्या शाळेने विजेतेपद मिळवण्याची अमेरिकेतील ती पहिलीच वेळ. १९५६ साली एकही सामना न हरता त्यांनी तो पुन्हा जिंकला. इंडियानापोलिसच्या कोणत्याही शाळेला १९५५ पूर्वी हा करंडक मिळाला नव्हता. राजधानीला पहिला करंडक मिळवून दिला तो ज्यांच्या शाळेत धड क्रीडागृह नव्हते, ज्यांना आपले घरचे सामने दुसऱ्याच्या जागेत खेळावे लागत, त्या पोरांनी.

आणि शहराने काय केले? विजेत्या संघाचा जल्लोष शहराच्या मध्यवर्ती चौकात व्हावा हा रिवाज. ॲटक्सच्या मुलांना चौकातून एक फेरी मारून थेट काळ्यांच्या वस्तीतल्या बागेत नेण्यात आले. करंडक तुमचा, चौक आमचा! रॉबर्टसन पुढे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक झाला, पण तो सल त्याच्या मनातून गेला नाही. 'हूजियर्स' चित्रपटाचीही गंमत पाहा. ज्या रे क्रो यांनी ॲटक्सला लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवून दिली, ते पडद्यावर दिसतात शेवटच्या सामन्यात हरणाऱ्या संघाचे प्रशिक्षक म्हणून. मायलनची कथा जगभर गेली. ॲटक्सची कथा अनेक वर्षे वस्तीतच राहिली. इतिहास लिहिणारा हात कोणाचा, यावर कोणता विजय दंतकथा होतो हे ठरते.

आता मूळ वादाकडे वळू. चार वर्ग पाडणे हाही एक प्रकारचा भेदच आहे, असे काही जण म्हणतात. आम्ही तसे मानत नाही. १९५४ च्या मे महिन्यात, म्हणजे मायलनच्या विजयानंतर दोनच महिन्यांनी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात 'वेगळे पण समान' हे तत्त्व सार्वजनिक शाळांपुरते मोडीत काढले, कारण तेथे वेगळे करण्यामागचा हेतूच माणसाला कमी लेखण्याचा होता. पटसंख्येनुसार वर्ग पाडण्यात तो हेतू नाही. आपल्या घटनेच्या अनुच्छेद १४ चा अर्थ लावताना आपली न्यायालयेही सांगत आली आहेत की, वर्गीकरण वर्ज्य नाही. मात्र त्याला समजेल असा आधार हवा आणि त्या आधाराचा उद्दिष्टाशी संबंध हवा. असमानांना एकाच रेषेत उभे करणे म्हणजे समता नव्हे, हे आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

पण हीच कसोटी पुढे लावा. आधार कोणता? निव्वळ पटसंख्या. उद्दिष्ट कोणते? न्याय्य स्पर्धा. मग १९५५ चे ॲटक्स या मोजपट्टीत कुठे बसते? शहरभरातली काळी मुले तेथे कोंबलेली असल्याने पटसंख्या मोठी. कागदावर ती शाळा बलाढ्यांच्याच रांगेत बसली असती. तिला क्रीडागृह नाही, वर्षानुवर्षे तिच्याशी सामने खेळायला शेजारच्या गोऱ्या शाळा तयार नाहीत, हे पटावर कुठे दिसते? डोकी मोजून अन्याय मोजता येत नाही. पैसा, मैदान, प्रशिक्षक, वस्ती या गोष्टी ज्या वर्गीकरणाला दिसत नाहीत, ते अर्धेच वर्गीकरण आहे. सतत जिंकणाऱ्या शाळांना वरच्या वर्गात ढकलण्याचा नियम तेथे २०१२ साली आणावा लागला, यातूनच पटसंख्येची मोजपट्टी अपुरी असल्याची कबुली मिळते.

दुसरा प्रश्न शेवटच्या सामन्याचा. १९९८ आणि १९९९ ही दोन वर्षे चारही वर्गांच्या विजेत्यांचा आपसात सामना होत असे. मग ती पद्धत गुंडाळली. आमच्या मते खरी चूक येथे झाली. सवलत ही शिडी असते, शेवटचा मजला नव्हे. लहानाला लहानांतच खेळवून त्याच्या हाती करंडक द्यायचा आणि मोठ्याशी त्याची गाठच पडू द्यायची नाही, यात मोठ्याचीच सोय जास्त. त्याला पुन्हा कधी मायलनकडून हरण्याची भीती नाही. ॲटक्सच्या मुलांनी आपल्यासाठी वेगळा करंडक मागितला नव्हता. त्यांनी तोच करंडक मागितला, आणि जिंकून दाखवला. शेजारच्या केंटकी राज्यात आजही सर्व शाळांचा एकच विजेता ठरतो. तेव्हा एक करंडक अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

तिसरा प्रश्न आमच्या लेखी सर्वांत मोठा: ठरवतो कोण? १९१० च्या दशकात, १९४२ साली, १९९६ साली निर्णय घेणारे टेबल तेच. त्या टेबलाभोवती संचालक होते, मुख्याध्यापक होते. खेळणारी मुले आणि त्यांची वस्ती कुठे होती? २०१२ साली एका सिनेटरच्या दबावाने राज्यभर सभा घेतल्या गेल्या. आलेल्यांपैकी बहुसंख्यांनी एकाच स्पर्धेच्या बाजूने कौल दिला. पद्धत मात्र तीच राहिली. लोकांना बोलू द्यायचे आणि निर्णय आधीचाच ठेवायचा, याला सल्लामसलत म्हणत नाहीत.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांत वर्ग असू द्यावेत, कारण लहान शाळेला श्वास घ्यायला जागा हवी. त्या वर्गांचा आधार नुसता पट नसावा, साधनेही मोजावीत. आणि शेवटी चारही विजेते एका मैदानात उतरावेत. जुन्या दिवसांसाठी गळा काढणाऱ्यांनी आधी त्या दिवसांची दारे कोणाला बंद होती ते सांगावे. चार करंडकांवर समाधान मानणाऱ्यांनी, शिडी मधेच का तोडली याचे उत्तर द्यावे.

क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल १९८६ साली बंद केले गेले. २००६ साली ते पुन्हा हायस्कूल म्हणून उभे राहिले आणि २०१७ साली त्याने तिसऱ्या वर्गाचा करंडक जिंकला. त्या मुलांच्या घामाला आम्ही तसूभरही कमी लेखत नाही. पण त्यांच्या आजोबांच्या पिढीने साऱ्या राज्याला हरवले होते. नातवांना तो सामना मागण्याचासुद्धा हक्क उरलेला नाही. आपल्याकडेही उद्या कोणी प्रेमाने म्हणेल की, तुमच्यासाठी वेगळा करंडक ठेवला आहे, तो घ्या आणि खूश राहा. तेव्हा करंडक जरूर घ्यावा. पण घेताना विचारावे, चौकातला सामना केव्हा?