शाळेत प्रवेश, जगण्यास मज्जाव!

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ४ जून २०२५ रोजी एक कायदा अवघ्या एका दिवसात संपविण्यात आला. कागदपत्रांविना त्या देशात राहणाऱ्या, पण शाळा टेक्सासमध्येच शिकलेल्या मुलामुलींकडून सरकारी विद्यापीठांनी राज्यातील इतर रहिवाशांइतकीच फी घ्यावी, एवढेच त्या कायद्याचे म्हणणे होते. २००१ साली असा कायदा करणारे टेक्सास हे पहिले राज्य. केंद्र सरकारने दावा दाखल केला, कायद्याचा बचाव करणे ज्याचे कर्तव्य त्या राज्य सरकारने दावा मान्य केला आणि त्याच दिवशी न्यायालयाचा आदेश झाला. वादी आणि प्रतिवादी एकाच बाजूला बसले की निकाल किती लवकर लागतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना सांगावयास नको. ज्यांची फी त्या दिवशी वाढली त्या विद्यार्थ्यांना कोणी विचारलेही नाही.

वाचक म्हणतील, दूरदेशीच्या या भानगडीशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो एका शब्दाचा आहे.

याच टेक्सासने १९७५ मध्ये कायदा केला की, देशात कायदेशीर प्रवेश न केलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्याचा पैसा मिळणार नाही आणि अशा मुलांना नाकारण्याची मुभा स्थानिक शाळांना राहील. टायलर येथील शाळा मंडळाने १९७७ मध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १००० डॉलर मागितले. मेक्सिकोहून आलेल्या मजुरांनी ते आणावेत कोठून? काही कुटुंबे कोर्टात गेली. ओळख पटली तर थेट देशाबाहेर काढले जाण्याची भीती होती, म्हणून टोपणनावाने दावा लावला आणि न्यायाधीशांनी सुनावणीही पहाटे ठेवली. १५ जून १९८२ रोजी 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने कौल दिला. निकाल न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिला. बहुमतात थरगूड मार्शलही होते. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांपासून वेगळे ठेवण्याविरुद्धचा 'ब्राऊन' खटला वकील म्हणून लढलेले तेच मार्शल.

निकालाचा आधार काय? अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांसाठी १८६८ मध्ये झालेली ही दुरुस्ती कायद्याचे समान संरक्षण 'नागरिकाला' नव्हे, तर कोणत्याही 'व्यक्तीला' देते. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १४ हाच शब्द वापरतो. अनुच्छेद १६ नागरिकाविषयी बोलतो, १४ मात्र व्यक्तीविषयी. एका समूहाच्या लढ्यातून कायद्यात आलेला शब्द शंभर वर्षांनी दुसऱ्याच समूहाच्या लेकरांना शाळेत घेऊन गेला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देऊ नये, हे ब्रेनन यांचे सूत्र जन्माच्या आधारे शिक्षा भोगलेल्या आमच्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु हा शब्द बारावीच्या वर्गापर्यंतच पोहोचला, आणि आमच्या मते खरा प्रश्न तेथून सुरू होतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी बरोबरीची मुले वाहन परवाना काढतात, सुटीत नोकरी धरतात, कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरतात. प्रत्येक ठिकाणी सरकारी क्रमांक मागितला जातो. आपल्याकडे कागद नाहीत, हे कित्येकांना त्याच वेळी प्रथम कळते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्टो गोन्झालेस यांनी लॉस एंजेलिस परिसरातील अशा १५० तरुणांचा बारा वर्षे मागोवा घेतला. 'लाइव्हज इन लिंबो' हे त्यांचे पुस्तक २०१६ मध्ये आले. त्यातील निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. शाळा लवकर सोडलेले आणि महाविद्यालयापर्यंत पोहोचलेले, असे दोन्ही गट पुढे जवळपास सारख्याच कमी मजुरीच्या कामांवर आढळतात. पदवी हाती आहे, पण ती वापरण्याचा हक्क नाही! शिक्षण घेतले की बाकीचे आपोआप मिळते, असा उपदेश करणाऱ्या तथाकथित विचारवंतांनी हे पुस्तक अवश्य वाचावे.

या तरुणांनी उपदेश ऐकत बसणे नाकारले. २०१० मध्ये चौघे विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनपर्यंत पायी चालत गेले. अटकेची आणि हद्दपारीची भीती असताना इतरांनी लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत ठिय्या दिला. त्यांच्यासाठीचे 'ड्रीम' विधेयक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये पडले. ५५ मते मिळाली, हवी होती ६०. अखेर १५ जून २०१२ रोजी ओबामांनी 'डाका' योजना जाहीर केली. प्रस्थापित माध्यमांनी ती ओबामांची मेहेरबानी म्हणून रंगवली. आम्ही ती संघटित तरुणांची कमाई मानतो. तीही अर्धवटच, कारण दोन वर्षांचा कामाचा परवाना म्हणजे नागरिकत्व नव्हे. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये ती रद्द करण्याचा घाट घातला, तो २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात फसला. परंतु २०२१ मध्ये टेक्सासमधील न्यायालयाच्या आदेशाने नव्या अर्जांची मंजुरी थांबली. शिवाय, १५ जून २००७ पासून अमेरिकेत वास्तव्य असावे ही योजनेची अट आहे. आज शाळेत असलेली बहुतेक मुले त्या तारखेला जन्मलेलीच नव्हती!

आपल्याकडचे काही जण म्हणतील, हे बेकायदा गेलेल्यांचे झाले. तसे नाही. पुण्या-नागपूरहून एच-१बी व्हिसावर रीतसर गेलेल्या अभियंत्यांची मुलेही आईबापांच्या व्हिसावर वाढतात. एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्ड नाहीत, या नियमामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. मूल एकवीस वर्षांचे झाले की पालकांच्या व्हिसाचा आधार सुटतो. त्याला नवा व्हिसा शोधावा लागतो, नाहीतर जो देश त्याला धड आठवतही नाही तेथे परतावे लागते. 'डाका'त त्याला जागा नव्हती, कारण त्याच्याकडे कागद होते.

आता रोख शाळेच्या दाराकडे वळला आहे. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसी राज्याच्या सिनेटने शाळांना मुलांचे कागद तपासण्याची आणि कागद नसल्यास फी मागण्याची वा प्रवेश नाकारण्याची मुभा देणारे विधेयक मंजूर केले. त्या वर्षी ते खालच्या सभागृहात अडले. १९८२ चा निकाल सर्वोच्च न्यायालयात पुन्हा उघडावा, हा हेतू त्यामागील मंडळींनी लपवलेला नाही.