समुद्रापासून ढगांच्या वर : तैवानचा सायकलरस्ता



या सदरात आपण दर महिन्याला नकाशा उघडून कुठेतरी जातो. या वेळी चीनच्या किनाऱ्यासमोर पॅसिफिक महासागरात असलेल्या तैवान बेटावर जाऊ. मोटारीने नाही, आगगाडीने नाही, सायकलने.

आधी बेट समजून घेऊ. तैवानचे क्षेत्रफळ सुमारे ३६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी. लोकसंख्या मात्र दोन कोटी तीस लाखांच्या आसपास. एवढे लोक राहतात कुठे? बहुतेक सगळे पश्चिमेकडच्या सपाट पट्टीत. कारण बेटाच्या मधोमध उत्तर-दक्षिण पर्वतांची भिंत उभी आहे. तीन हजार मीटरपेक्षा उंच अशी दोनशेहून अधिक शिखरे त्यात आहेत. सर्वांत उंच युशान, ३,९५२ मीटर. निम्म्याहून अधिक जमीन जंगलाने झाकलेली. कर्कवृत्तही याच बेटावरून जाते.

या भिंतीवर चढणारा एक रस्ता सायकलवाल्यांत जगभर प्रसिद्ध आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या हुआलिएन शहराजवळ तो समुद्रसपाटीला सुरू होतो आणि सुमारे १०५ किलोमीटरनंतर वूलिंग नावाच्या खिंडीत पोहोचतो. खिंडीची उंची ३,२७५ मीटर. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरे ठेवा, जवळजवळ तेवढी चढाई, आणि तीही एका दिवसात.

सुरुवातीला तारोको नावाची संगमरवरी घळ लागते. लिवू नदीने लाखो वर्षे कापून काढलेल्या उभ्या भिंती, त्यांच्या कुशीत खोदलेला रस्ता आणि मध्ये मध्ये बोगदे. दिवसा उन्हातही सायकलला पुढे-मागे दिवा लागतो तो या बोगद्यांसाठी. पुढे जंगल बदलत जाते. खाली दमट, रुंद पानांची झाडी. मग धुक्यात उभे असलेले सूचिपर्णी वृक्ष. आणि सर्वांत वर झाडे संपून फक्त गवतासारखा बुटका बांबू. भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकवतो की दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. इथे ते अंगावर कळते. किनाऱ्यावर २५ अंश असतील तर वर पाच-सहा. हिवाळ्यात कधी कधी बर्फही पडते. घामाने भिजलेला माणूस वर पोहोचताच कुडकुडतो, म्हणून जाणकार सायकलस्वार खिशात एक कोरडे जाकीट ठेवतात.

या रस्त्यावर २०१२ पासून एक शर्यत भरू लागली. २०१७ मध्ये इटलीचा विन्चेन्झो निबाली हा नामवंत सायकलपटू ३ तास २० मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळात वर पोहोचला. कठीण भाग शेवटच्या दहा किलोमीटरचा. तिथे काही तुकड्यांवर चढ २७ टक्के आहे. टक्के म्हणजे काय? शंभर मीटर पुढे गेलात की २७ मीटर वर चढलात. साधारण दहा मजली इमारतीची उंची! नव्वद किलोमीटर चढून थकलेल्या पायांना हे शेवटी मिळते. भलेभले तिथे उतरून सायकल ढकलतात.

हा रस्ता बांधला कोणी? १९५६ ते १९६० या चार वर्षांत मुख्यतः निवृत्त सैनिकांनी. सुरुंग, छिन्नी, हातोडे आणि कमरेला दोर. दरडी कोसळून आणि कड्यांवरून पडून दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांच्या स्मरणार्थ घळीच्या तोंडाशी धबधब्यावर एक स्मारक आहे. आपण घाटातून सुखाने जातो तेव्हा खडक फोडणारे हात कोणाचे होते हे क्वचितच आठवते.

आणि डोंगरही गप्प बसत नाही. २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात बेटावर दोन हजारांहून अधिक लोक दगावले. याच आडव्या महामार्गाचा पश्चिमेकडचा एक भाग असा ढासळला की पुढे कित्येक वर्षे तो सामान्य वाहतुकीला बंदच राहिला. ३ एप्रिल २०२४ रोजी हुआलिएनजवळ पुन्हा मोठा भूकंप झाला, तारोकोच्या भिंती कोसळल्या आणि राष्ट्रीय उद्यान बंद करावे लागले. त्यानंतर घळीतल्या रस्त्यावर वाहने ठरावीक वेळांनाच सोडली जाऊ लागली. तेव्हा जाण्याआधी रस्ता चालू आहे का हे विचारणे हा तिथल्या प्रवासाचा पहिला नियम.

वूलिंगला पश्चिमेकडूनही जाता येते. बेटाच्या मध्याजवळच्या पूली गावातून सुमारे ५५ किलोमीटर. वाटेत वूशे नावाचे डोंगरी गाव लागते. तैवान जपानच्या ताब्यात असताना, १९३० मध्ये, इथल्या सेदिक आदिवासींनी मोना रुदाओ यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला होता आणि तो निर्दयपणे चिरडला गेला. सायकलवाला इथे चहा पिऊन पुढे जातो. पण त्याच्या चाकाखालची जमीन कोणाची होती, हे इतिहासाला ठाऊक आहे.

सगळ्यांनाच असे डोंगर चढायचे नसतात. तैवानमध्ये 'हुआनदाओ' हा शब्द घरोघरी माहीत आहे. अर्थ, बेटाला प्रदक्षिणा. २०१५ मध्ये सरकारने या प्रदक्षिणेचा अधिकृत सायकलमार्ग पूर्ण केला, सुमारे ९६० किलोमीटरचा. जायंट ही सायकल कंपनी १९७२ मध्ये स्थापणारे किंग लिऊ यांनी ही फेरी २००७ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी केली. त्याच सुमारास ऐकू न येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या सायकलफेरीवरचा चित्रपट तिथे गाजला होता. त्या दोन गोष्टींनंतर शाळकरी मुले, नोकरदार, आजी-आजोबा असे सगळेच निघू लागले.

आता आपल्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न : खायचे काय? तिथे डुकराचे मांस फार चालते आणि रस्त्यावरच्या पदार्थात काय आहे ते भाषेअभावी कळत नाही. पण भाजलेली रताळी, केळी, पेरू जागोजागी मिळतात. राजधानी तैपेईत १९६० मध्ये बांधलेली मोठी मशीद आहे आणि तिथल्या मुख्य रेल्वे स्थानकात नमाजसाठी खोलीही आहे. मुसाफिराला कसरची सवलत आहेच. तेव्हा सफर कठीण असली तरी अशक्य नाही.

इतके सगळे सांगण्याचे कारण एक पत्र आहे. कोकणातल्या एका भगिनीने लिहिले आहे : "मुलगी नववीत आहे. शाळा चार किलोमीटरवर. सायकलने जाते. वाटेत घाटाचे एक वळण आहे. सासरे आणि जेठ म्हणतात, मुलगी मोठी झाली, आता सायकल बंद. रोजची रिक्षा आम्हाला परवडत नाही. म्हणजे शाळाच बंद. आपा, मी काय करू?"

भगिनी, तुमच्या सासऱ्यांची काळजी खोटी नाही. वळणावर ट्रक येतो हे खरे आहे आणि नातीची फिकीर करणे हे आजोबांचे कामच आहे. पण काळजीचे उत्तर काय असावे, हे तैवानकडून शिकण्यासारखे आहे. त्या प्रदक्षिणेच्या मार्गात सू-आओ ते हुआलिएन असा कड्यांवरचा एक भाग फार धोक्याचा आहे. तिथे सायकलवाल्यांना सांगतात, हा तुकडा आगगाडीने पार करा. एका तुकड्यासाठी त्यांनी सगळी फेरी बंद केली नाही. धोका कुठे आहे तो नेमका शोधला आणि तेवढ्यापुरता बंदोबस्त केला. बाकीच्या वाटेवर जागोजागी पोलीस चौक्यांत सायकलवाल्यांसाठी हवा भरायचा पंप आणि पिण्याचे पाणी ठेवले.

तुमच्या घरीही हेच करता येईल. एखाद्या रविवारी मुलीच्या अब्बांनी किंवा जेठांनी तिच्याबरोबर तो सगळा रस्ता सायकलने जाऊन पाहावा. वळण नेमके कुठून कुठपर्यंत धोक्याचे आहे ते ठरवावे. तेवढ्या जागेत तिने उतरून, कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे. २७ टक्क्यांच्या चढावर पट्टीचे सायकलपटू उतरतात, तर आपल्या लेकीला उतरायला कसली शरम? उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे आणि वळणाच्या आधी दाबायचे, वळणात नाही. ओढणी नीट बांधलेली हवी, चाकात जाणार नाही अशी. मागे लाल दिवा किंवा निदान चमकणारी पट्टी हवी.

मोहल्ल्यातल्या आणखी दोन-तीन मुली त्याच शाळेत जात असतील. त्यांची वेळ एक करा. आणि वाटेवरच्या ओळखीच्या एका घरी, एका दुकानात सांगून ठेवा की मुली इथून जातात, पंक्चर झाले तर थांबतील, पाणी मागतील. ही तुमच्या रस्त्यावरची चौकी.

मग हे सगळे सासऱ्यांसमोर मांडा. वाद म्हणून नको, बंदोबस्त म्हणून. "सायकल चालू ठेवायची की नाही" असे विचारलेत तर उत्तर "नाही" येईल. "अब्बा, वळण असे पार केले तर चालेल का, तुम्ही एकदा येऊन पाहता का" असे विचारा. बुजुर्ग माणूस बघायला आला की अर्धे काम झाले. तरीही ते राजी झाले नाहीत तर वर्गशिक्षकांना घरी बोलवा. मी स्वतः अशा घरांत गेले आहे आणि चहा होईपर्यंत बऱ्याचदा मार्ग निघालेला पाहिला आहे. काहीही झाले तरी मधल्या काळात मुलीची शाळा एक दिवसही बुडू देऊ नका. खाडा महिन्याचा झाला की परत जाणे फार अवघड होते.

इतर वाचकांच्या घरातही अशा मुली असतील. तुम्ही काय उपाय केलात ते जरूर कळवा. निवडक पत्रे पुढील अंकात देऊ, इन्शाअल्लाह. नकाशावरची आपली पुढची मंजिल श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांची आगगाडी असेल.

खुदा हाफिज.