वरचें आवरण आणि आंतली भेग

गेल्या श्रावणांत चिपळुणाहून हेदवीस परत येतांना आमची मोटार एका वळणावर गटाराच्या कडेशीं गेली. गाडी दादा चालवीत होते; मागें वहिनी व मी. वहिनींस दर पंधरवड्यास डॉक्टरांकडे न्यावें लागतें. दादांनीं स्टिअरिंग वळविलें, पण घामेजल्या हातांखालीं चाकाऐवजीं त्यावरची रेक्झिनची खोळच फिरली. ब्रेक वेळेवर लागला म्हणून निभावलें. घरीं येईपर्यंत कोणी एक शब्द बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं खोळ काढली. ती तीन वर्षांपूर्वीं मींच हौसेनें बसविली होती, हें आधीं कबूल करितों. खालीं काळ्या प्लास्टिकला नख शिरेल अशा पांच भेगा होत्या व त्यांतून गंज डोकावत होता. चाक जुनें दिसूं लागलें तेव्हां मीं तें झांकलें. दुरुस्त केलें नाहीं.

गाडी पद्मिनी, १९८६ सालची. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रूपानें ती वाचकांच्या परिचयाची असेल. त्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाल्या. आमचीही मोडींत काढावी, असें मुलांचें म्हणणें. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ठेवायची कीं काढायची तें मागाहून ठरवा. तोंवर चाक धड करा."

भेगा कां पडतात तें प्रथम समजून घेतलें पाहिजे. आंत पोलादाची कडी व वर प्लास्टिक. उन्हानें दोन्ही सारखीं प्रसरण पावत नाहींत. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणींत प्लास्टिक तडकतें. मग आमच्यासारख्या समुद्रकांठच्या गांवीं खारी हवा आंत शिरते, पोलाद गंजून फुगतें आणि भेग रुंदावते. त्यांत पुष्कळजण चकाकीसाठीं खोबरेल तेल चोळतात. तें सर्वथा वर्ज्य. हात निसटतो, आणि पुढें भरलेली लांबीही धरत नाहीं.

आम्हीं चाक जागच्या जागींच ठेवून काम केलें. मधली नट सैल करण्याच्या भानगडींत घरच्या माणसानें पडूं नये. साबणाच्या पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें मळ काढून चाक पुरें वाळूं दिलें. प्रत्येक भेग कानशीनें किंचित रुंद करून गंज खरवडला. आंतलें पोलादच तडकलें असेल किंवा आरा हलत असेल, तर येथेंच थांबावें व चाक बदलावें. असल्या ठिकाणीं लांबी भरणें म्हणजे स्वतःस फसविणें. आमचें पोलाद शाबूत होतें. दोन भागांची एपॉक्सी लांबी समप्रमाणांत मळून भेगांत दाबून, थोडी उंच राहील अशी भरली. पावसाळी हवा म्हणून पुरा एक दिवस वाळविली. मग आधीं जाड व नंतर बारीक काचकागदानें घांसून, डोळे मिटून बोट फिरविलें तरी जोड समजूं नये इतकी सपाट केली.

त्यावर चामडें शिवावयाचें ठरलें. पस्तीस वर्षें संस्कृत शिकविणाऱ्या मला टांका घालतां येईना. गुहागरच्या बाजारांतील एका पादत्राणें शिवणाऱ्या कारागिरानें तो शिकविला. एकाच मेणकट दोऱ्याच्या दोन टोकांस दोन सुया. प्रत्येक भोकांतून दोन्ही सुया समोरासमोरून जावयाच्या. एक पदर तुटला तरी दुसरा धरून राहतो. आजवर त्यांस मी 'अरे' म्हणत आलों होतों. त्या दिवसापासून 'अहो' म्हणूं लागलों. शिष्यानें गुरूस दुसरें काय म्हणावें?

चाकाच्या कडेचा घेर दोऱ्यानें मोजून चामडें किंचित कमी रुंद कापावें, कारण तें ताणलें जातें. खालीं चिकटद्रवाचा पातळ हात द्यावा आणि शिवण चाकाच्या आंतल्या बाजूस घ्यावी. आमच्या सुनेनें दोन दुपारींत शिवण पुरी केली. शेवटीं गाडी उभी असतां, दोन्ही हातांनीं चामडें जोरानें पिळून पाहिलें. तें तसूभर सरकलें नाहीं. मगच रिकाम्या रस्त्यावर सावकाश चालवून पाहिलें. नव्या गाड्यांच्या चाकांत अपघातसमयीं फुगणारी हवेची पिशवी असते. त्या चाकांवर मात्र असले घरगुती प्रयोग करूं नयेत.

दादांनीं चाक हातांत धरलें, थोडा वेळ तसेच बसले, आणि किल्ली सुनेच्या हातीं दिली. "चाक दुरुस्त झालें," म्हणाले, "माझीं शहात्तर वर्षें व्हावयाचीं नाहींत." आतां चिपळुणास ती गाडी नेते; दादा शेजारीं बसून वळणें सांगतात.

गाडी ठेवायची कीं काढायची, हें अद्याप ठरलें नाहीं. वाचकांस विनंती एवढीच, कीं आपल्या गाडीच्या चाकावर खोळ असेल, तर या रविवारीं ती एकदां काढून खालीं पाहावें.