शेजाऱ्याने ऐकावे, पण चाळीने नव्हे
टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून १९९६ साली मुंबईत १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा सुरू झाली. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तथापि घाटकोपर-मुलुंडच्या एका खोलीच्या घरात मुलाने मन मोकळे करावे तरी कोठे? नाशिक जिल्ह्यात २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावकऱ्यांनाच दुःखिताचे ऐकून घेण्याचे व गंभीर रुग्णास उपचारांपर्यंत पोहोचविण्याचे प्रशिक्षण दिले. अंधेरी-बोरिवलीतील शाळा, महिला मंडळे व धर्मग्रामे यांनाही हे शक्य आहे. मात्र ऐकलेले चाळभर पसरणार नाही, ही हमी प्रथम हवी. त्याविना ना मूल बोलेल, ना त्याची आई.