वसुलीची जबान कोण शिकवतं?

गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात पठाण सावकार लाठी घेऊन उभे राहायचे. रुपयामागे महिन्याला एक आणा व्याज, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. हा दर तेव्हा सर्रास होता, अशी नोंद १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालात आहे. वसुलीसाठी कारखान्याच्या दाराशी ठाण मांडणं हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, अशी शिफारसही त्यात आहे. व्याज हराम आहे असं सांगणाऱ्या आपण मुसलमानांनी विसरू नये, की दारातला तो सावकार कलमा पढणारा होता.

गिरण्या बंद पडल्या. लोअर परळमध्ये त्यांच्या जमिनीवर मॉल आणि कंपन्यांच्या कचेऱ्या आल्या. वसुलीही आता कचेरीत बसून फोनवर होते. गिरणीच्या मागच्या दाराने निसटता तरी यायचं. खिशातल्या फोनपासून निसटायचं कसं?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या कितीतरी मुलांना वसुलीच्या नोकऱ्या मिळतात, कारण त्यांना उर्दू, हिंदी, मराठी तिन्ही जबानी येतात. शाळेत आम्ही त्यांना 'आप' आणि 'आपण' शिकवतो. तिकडे काही महिन्यांत तीच मुलं कर्जदाराच्या आईला अरेतुरे करू लागतात. मग लोक म्हणतात, हल्लीच्या पोरांना तमीज नाही. मला हे मान्य नाही. पोरांना दोष दिला की वसुली विभागाचा प्रमुख अलगद सुटतो.

त्याचं काम कसं चालतं ते पाहा. थकलेली खाती दिवसांप्रमाणे गटांत पाडली जातात: ३० पर्यंत, ६० पर्यंत, ९० पर्यंत. बँकेचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादित ठरतं, त्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते. म्हणून महिनाअखेरीला वरून दट्ट्या येतो आणि प्रमुख तो जसाच्या तसा खाली ढकलतो. पगार तुटपुंजा, इन्सेंटिव्ह वसुलीवर. अशा टेबलावर बसलेला मुलगा शिवी द्यायला शिकतो, कारण तिथे शिवीचे पैसे मिळतात.

हे मी एकटाच म्हणत नाही. २४ एप्रिल २००८ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनेच म्हटलं आहे, की जाचक टार्गेट आणि मोठ्या इन्सेंटिव्हमुळे एजंट धाकदपटशाकडे वळतात. एजंटांना प्रशिक्षण सक्तीचं आहे. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला मनाई केली. नातेवाईक आणि मित्रांना त्रास देण्यालाही. म्हणजे नियम आहेत. ते मोडले तर बिघडत नाही, हा इशारा मात्र प्रमुखाच्या खुर्चीतून येतो.

कोणी विचारेल, पैसे घेतले तर फेडायला नकोत का? फेडायलाच हवेत. आपल्याकडे तर मयताच्या मालमत्तेतून आधी कर्ज फिटतं, मग वारसांचा हिस्सा. पण सूरह बकराच्या २८० व्या आयतीत तंगीत सापडलेल्या कर्जदाराला मोहलत द्यायला सांगितलं आहे. बुडव्या आणि अडलेला यांत फरक करणं हेच तर वसुली प्रमुखाचं खरं काम. नोकरी गेलेल्या माणसाला दिवसात वीस फोन केल्याने त्याची नोकरी परत येत नाही. तो दुसऱ्या ॲपवरून कर्ज काढून हप्ता भरतो. त्या महिन्याचं टार्गेट पूर्ण होतं आणि त्याचं घर आणखी खोल जातं.

मागणी साधी आहे. पहिल्या फोनवर 'कधी भरता?' याच्या आधी 'का थकलं?' हे विचारलं जावं. हप्ता लहान करण्याचा, मुदत वाढवण्याचा अधिकार त्याच विभागात असावा. प्रमुखाने रोज काही रेकॉर्डिंग स्वतः ऐकावीत. आणि खऱ्या ठरलेल्या प्रत्येक तक्रारीमागे एजंटाच्या आधी प्रमुखाचा बोनस कापला जावा. हे शेवटचं झालं तर बाकीचं आपोआप होईल.

आपल्यातलीही काही मुलं आता टीम लीडर, मॅनेजर झाली आहेत. मुबारक. त्यांना एवढंच विचारतो: तुमच्या हाताखालचा मुलगा फोनवर जे बोलतो, ते त्याला शाळेने शिकवलं, की तुम्ही?